सामाईक ट्यूब

आपल्या घरांत काही वस्तू कधीच एकाच्या नसतात. छत्री, कात्री, खोबरेल तेलाची बाटली, सुईदोऱ्याचा डबा. त्यांच्या मालकीवरून कोणी भांडत नाही. त्या सापडत नाहीत तेव्हा मात्र सारे घर एकमेकांवर ओरडते. या यादीत मी आणखी एक वस्तू घालीन. फडताळाच्या कोपऱ्यात पडलेली, शेपटीकडून वळकटीसारखी गुंडाळत आणलेली मलमाची ट्यूब. तिच्यावरचे नाव बोटांनी पुसलेले असते, मुदतीची तारीख वळकटीत गडप झालेली असते. आणि तरीही गावातल्या कोणत्याही डॉक्टरपेक्षा तिच्यावरचा विश्वास अधिक असतो.

आमच्या घरच्या ट्यूबला तर चरित्रच होते. ती मुळात आली काकांच्या मानेवर केसतुडे झाली तेव्हा. डॉक्टरांनी सात दिवस लावायला सांगितले होते. काकांना चौथ्या दिवशी बरे वाटले आणि ट्यूब घरच्या सेवेत कायमची रुजू झाली. मग आईच्या हातावर तेल उडाले, ट्यूब लागली. ताईच्या तोंडावर मुरुमे आली, ट्यूब लागली. काकूंच्या कमरेला नायटा झाला, तिथेही तीच लागली. नायटा बुरशीचा आणि ट्यूब जिवाणूंवरची. या दोघांचा परस्परांशी काही संबंध नाही, हे सांगणारे घरात कोणी नव्हते.

यात घरच्यांना तरी काय म्हणायचे? आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या औषध म्हणजे हळद, कणकेचे पोटीस, कोमट एरंडेल. हळदीला कोणी विचारीत नाही, की बाई, तू कोणाच्या नावाने आलीस आणि किती दिवस राहणार? हळदीवरची ती सगळी माया पुढे ट्यूबकडे वारसाहक्काने आली. पण ट्यूबचे कूळ निराळे आहे.

आज त्वचेच्या जिवाणूंवर जी मलमे डॉक्टर लिहून देतात त्यांपैकी फ्युसिडिक ॲसिड हे एका बुरशीपासून मिळाले आणि १९६२ साली डेन्मार्कमध्ये वापरात आले. म्युपिरोसिन तर त्याहून नवलाचे. ते एक जिवाणूच तयार करतो, इतर जिवाणूंना मागे रेटण्यासाठी! १९८५ च्या सुमारास ते ब्रिटनमध्ये वापरात आले. त्याचे काम एका ठरावीक जागी चालते. जिवाणूला प्रथिने बांधायला जे घटक लागतात त्यांपैकी एकाची जोडणी ते अडवते. प्रथिने नाहीत म्हणजे वाढ नाही. इतके नेमके काम करणारे औषध नायट्यावर किंवा भाजल्याच्या आगीवर उपयोगी पडेल ही अपेक्षाच चुकीची. कुलूप एक आणि किल्ली दुसरी, अशातला तो प्रकार.

हे सारे मला कळले ते माझ्या भाच्यामुळे. गेल्या पावसाळ्यात डास चावून त्याने नाकाखाली खाजवले. दोन दिवसांत तिथे पाणीदार फोड आले, फुटले आणि त्यांवर मधासारख्या पिवळट खपल्या धरल्या. आजीची ट्यूब निघालीच होती, पण वहिनीने ऐकले नाही. ती त्याला घेऊन तालुक्याला गेली, सोबत मी. डॉक्टरीणबाई वयस्क होत्या. त्यांनी पोराकडे एकदा पाहिले आणि म्हणाल्या, “याला इम्पेटायगो म्हणतात. घाबरू नका, पण हा भारी सांसर्गिक. घरात आणखी मुलं आहेत का?” मग त्यांनी मलम लिहून दिले आणि ते लावायचे कसे याचा धडाच दिला. आधी हात साबणाने धुवायचे. कोमट पाण्यात मऊ फडके भिजवून खपल्या ओल्या करायच्या आणि अलगद निघतील तेवढ्याच काढायच्या, कारण खपलीवर लावलेले औषध खपलीवरच राहते. जागा टिपून कोरडी करायची. मग वाटाण्याएवढे मलम, पातळ थर, सांगितले तितक्या वेळा. लोण्यासारखे थापल्याने गुण लवकर येत नाही. डोळ्यांत जाऊ द्यायचे नाही. पुन्हा हात धुवायचे. पोराचा टॉवेल, उशीचा अभ्रा वेगळा, नखे कापलेली. उपचार सुरू होऊन दोन दिवस जाईपर्यंत बालवाडी बंद. “आणि बरं दिसलं म्हणून तिसऱ्या दिवशी थांबू नका, तसंच उरलं म्हणून महिनाभर लावूही नका. मी लिहिलेत तेवढे दिवस. तीन-चार दिवसांत उतार पडला नाही, ताप आला किंवा लाली पसरायला लागली, तर मलम बदलत बसू नका, इकडे या.”

वहिनीने हे अक्षरशः पाळले. पाचव्या दिवशी पोराचे नाक पूर्ववत झाले आणि वाड्यातल्या इतर चार मुलांपैकी एकालाही फोड आला नाही. उरलेली ट्यूब तिने आजीच्या डोळ्यांदेखत केरात टाकली. आजीला ते धान्य टाकल्यासारखे लागले.

पुढचे लिहिताना हात जरा जड होतो. आजीला पंधरा वर्षांपासून साखर आहे. आश्विनात तिच्या उजव्या पायाच्या करंगळीला चप्पल लागली आणि लहानशी जखम झाली. दुखत नव्हती, म्हणून तिने ती कोणाला दाखवली नाही. जुनी ट्यूब फडताळात होतीच. रोज देवपूजा झाली की ती पाय धुऊन निष्ठेने मलम लावी आणि वर चिंधी बांधी. मी दिवाळीला घरी गेले तेव्हा तीन आठवडे झाले होते. चिंधी सोडल्यावर जो वास आला तो मी विसरणार नाही. बोट काळे पडले होते. शहरातल्या इस्पितळात ते काढावे लागले. तिथल्या शल्यवैद्यांनी आम्हांला समजावले, की जुन्या मधुमेहात पायाची संवेदना जाते, रक्तही नीट पोहोचत नाही. म्हणून अशा पायाची दुखत नसलेली जखमच अधिक भिण्यासारखी. ती वरच्या मलमाने भागण्यातली नव्हती. पहिल्याच दिवशी तपासायला हवी होती.

आजी घरी आल्यावर म्हणाली, “बोट गेलं ते गेलं गं, पण त्या मेलीवर केवढा विश्वास होता माझा!” मेली म्हणजे ट्यूब. मला वाटते, जे काम तिचे नव्हतेच ते न केल्याबद्दल बिचारीला शिव्या बसल्या. मलम कातडीच्या वरच्या थरात काम करते. खोल गळवातल्या पुवापर्यंत ते जात नाही; तिथे पू मोकळा करावा लागतो. पसरणाऱ्या लालीला, तापाला, साखरेच्या पायाला ते पुरे पडत नाही. तरीही रोज काहीतरी लावले जात असते, म्हणून उपचार चालू आहेत असे घराला वाटत राहते. ट्यूबचा खरा धोका या समाधानात आहे.

आमच्या वसतिगृहात याच समाधानाची दुसरी तऱ्हा दिसते. तिथे जिवाणूंवरचे, बुरशीवरचे आणि स्टेरॉईड अशी तीन औषधे एकत्र असलेली मलमे हातोहात फिरतात. स्टेरॉईडने खाज दोन दिवसांत थांबते. खाली नायटा मात्र निवांत पसरतो आणि त्याचे रूप असे पालटते, की डॉक्टरांनाही तो चटकन ओळखू येत नाही. २०१८ साली सरकारने चौदा स्टेरॉईड मलमांची चिठ्ठीवाचून विक्री बंद केली, पण मैत्रिणीच्या पेटीतून काढून द्यायला कुठे चिठ्ठी लागते? १९४९ सालच्या निओमायसिनची गोष्टही सांगण्यासारखी. काहींच्या कातडीला ते सोसत नाही. लावलेल्या जागी खाज सुटते, लाली येते. रोग वाढला असे समजून माणूस आणखी लावतो, आणि वाढवतो.

तुम्ही म्हणाल, ज्याची कातडी त्याला लखलाभ. यात इतरांचे काय गेले? याचे उत्तर न्यूझीलंडने आपल्यासाठी देऊन ठेवले आहे. तिथे १९९१ पासून म्युपिरोसिन चिठ्ठीवाचून मिळू लागले. लोकांनी ते खरचटल्यावर, फोडावर सढळ हाताने लावले. काही वर्षांतच त्याला दाद न देणारे स्टॅफिलोकॉकस जिवाणू मोठ्या प्रमाणात आढळू लागले आणि २००० साली औषध पुन्हा चिठ्ठीवर आणावे लागले. मग सगळा भार फ्युसिडिक ॲसिडवर पडला, तर त्यालाही न जुमानणारे जिवाणू वाढले. ज्यांनी ती ट्यूब उभ्या जन्मात पाहिली नव्हती, त्यांच्या फोडांवरही आता तिचा गुण येईना.

म्हणजे आपण हिशेब नेमका उलटा मांडला आहे. ट्यूब आपण सामाईक मानली. ती खरे तर एका माणसाची, एका दुखण्याची आणि मोजक्या दिवसांची. सामाईक आहे तो तिचा गुण. गावच्या विहिरीसारखा तो सर्वांचा आहे, आणि विहिरीत कोणी काय टाकावे याला जसा धरबंद असतो तसा इथेही हवा.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, खोलीतल्या कोणी “तुझी ती ट्यूब दे गं जरा” म्हटले, तर देऊ नका. वेष्टनावरची उभी लाल रेघ दाखवा. चिठ्ठीवाचून घेऊ नये, एवढाच तिचा अर्थ. आणि नुसता नकार देऊन थांबू नका, तिच्याबरोबर दवाखान्यापर्यंत जा. चार दिवस कंजूष म्हणतील. म्हणू द्यात.

— तृतीय वर्ष, कला