निरर्थकाचे शुद्धलेखन

स्मरणिकेत लिहावयाचे म्हटले की संस्थेची वाटचाल, गुरुजनांचे ऋण आणि बाबासाहेबांनी दिलेला शिक्षणाचा मंत्र हे विषय आपोआप पुढे येतात. त्यांचे मोल आम्ही जाणतो, आणि त्यांवर आमच्याहून अधिकारी मंडळी या अंकात लिहितीलच. येथील वसतिगृहात एकत्र वाढलेल्या एका तुकडीतील आम्ही काही माजी विद्यार्थी मात्र एका हलक्या समजल्या जाणाऱ्या गोष्टीविषयी लिहीत आहोत. ती गोष्ट म्हणजे मुलांसाठी लिहिलेल्या सचित्र विनोदी कविता. आमच्या घडणीत त्यांचाही वाटा आहे, आणि तो कोठेतरी नोंदला जावा असे आम्हांस वाटते.

हसणे आम्हांला नवे नव्हते. वसतिगृहात येण्यापूर्वी आम्ही ते पुष्कळ ऐकले होते. फक्त ते आमच्यावर असे. आडनाव सांगितले की हसू, ठिगळ लावलेल्या सदऱ्याला हसू, आणि सर्वांत मोठे हसू आमच्या बोलण्याला. ‘पाणी’ या शब्दातील ‘ण’ आमच्या जिभेवर नव्हता. घरी आई ‘पानी’ म्हणे, आजी ‘पानी’ म्हणे, आणि त्या पाण्याने आमची तहान व्यवस्थित भागत असे. वर्गात उभे राहून धडा वाचताना तो ‘न’ निसटला की बाके हसत, आणि कधी शिकवणारेही हसत. त्यामुळे येथे नव्याने आलेली मुले पहिले काही महिने तोंड उघडत नसत. प्रश्नाचे उत्तर ठाऊक असे. पण त्या उत्तरात कोठेतरी एखादा ‘ण’ दबा धरून बसलेला असे.

अशा मुलांना बोलते केले ते विनोदी कवितांनी. याचे कारण पुढे पुष्कळ वर्षांनी आमच्या ध्यानात आले. विंदा करंदीकरांचे ‘एटू लोकांचा देश’ हे पुस्तक घ्या. ‘एटू’ हा शब्द कोणाच्याही आजोबांनी कधी उच्चारलेला नव्हता. ज्या शब्दाला पूर्वपरंपराच नाही, त्याचा शुद्ध उच्चार कोणाच्या घराण्यात चालत आलेला असणार? सदाशिव पेठेतील मूल आणि तांड्यावरील मूल, दोघेही तो शब्द प्रथमच तोंडात घेतात. निरर्थक शब्दांच्या राज्यात शुद्धलेखनाचा दरारा चालत नाही. सायंकाळची वंदना आटोपल्यावर आमच्यातील जो मुलगा स्वतःचे नावही पुटपुटत सांगे, तो असल्या कविता खड्या आवाजात म्हणू लागला. तेव्हा सारे वसतिगृह हसले आणि तोही हसला. आपण हसवणारे आहोत, हसण्याचा विषय नाही, हा फरक त्याला कोणी समजावून सांगावा लागला नाही.

चित्रांचेही तसेच. आमच्यापैकी बहुतेकांच्या घरी छापील अक्षर म्हणजे रेशनकार्ड आणि औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठी. अक्षरांशी आमची ओळख उशिरा झाली. चित्राला मात्र कोणी परका नसतो. अडखळत वाचणारा मुलगाही चित्रावरून विनोद आधी ओळखतो आणि मग तो शब्दांत कोठे आहे हे शोधत ओळीपर्यंत पोचतो. चित्र त्याला पंगतीत आधी बसवून घेते. वाढप मागून होते.

पुढे आमच्यातील काही जण शिक्षक झाले, वाचन वाढले, आणि या प्रकारच्या जुन्या पुस्तकांची आम्हांला ओळख झाली. एडवर्ड लिअर या इंग्रज चित्रकाराचे ‘अ बुक ऑफ नॉन्सेन्स’ १८४६ साली प्रसिद्ध झाले. लिअर हा एकवीस भावंडांतील विसावा. बालपणापासून त्याला अपस्माराचे झटके येत, आणि तो ते लोकांपासून लपवून ठेवी. डर्बीच्या अर्लच्या प्राणिसंग्रहातील पशुपक्ष्यांची चित्रे काढण्याचे काम करीत असता तेथील मुलांसाठी तो असल्या कविता आणि चित्रे रचू लागला. त्याच्या पाचओळी कवितांतील गावकरी एखाद्या विक्षिप्त म्हाताऱ्याला हसतात, प्रसंगी चोपही देतात. चित्रात मात्र तो म्हातारा बहुधा चवड्यांवर उभा, हात पंखांसारखे पसरून आनंदात असतो. शब्द गावाची बाजू सांगतात आणि चित्र त्या एकट्याची. गावाने बाहेर ठेवलेल्या माणसाची बाजू घेणारे चित्र आम्हांला जवळचे वाटले, यात नवल नाही.

परंतु विनोद म्हटला की तो निर्मळच असतो असे नाही. हाइनरिख हॉफमन हा फ्रँकफुर्टचा डॉक्टर. १८४४च्या नाताळात आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी पुस्तक आणावयास तो बाजारात गेला. तेथे उपदेशाने भरलेली पुस्तकेच दिसली, म्हणून कोरी वही आणून त्याने स्वतःच कविता लिहिल्या आणि चित्रे काढली. पुढच्याच वर्षी ते पुस्तक छापले गेले आणि ‘श्ट्रुव्हेलपीटर’ या नावाने जगभर गेले. त्यातील एका कवितेत तीन गोरी मुले रस्त्याने जाणाऱ्या एका काळ्या मुलाला चिडवतात. एक थोराड म्हातारा त्यांना दटावतो, आणि ती ऐकत नाहीत म्हणून तिघांनाही प्रचंड दौतीत बुचकळून काढतो. हेतू चांगला आहे, कारण रंगावरून हसू नये हीच शिकवण आहे. पण चिडवणाऱ्यांना दिलेली शिक्षा पाहा. ती आहे काळे होण्याची. म्हणजे काळेपण ही शिक्षाच ठरली! दयाळू माणसाच्या विनोदातही केवढा खड्डा असू शकतो, हे या कवितेइतके स्पष्ट आम्हांला कोणत्याही व्याख्यानाने दाखवले नाही.

याच्या उलट सुकुमार राय यांचे ‘आबोल ताबोल’ हे बंगाली पुस्तक. राय हे सत्यजित राय यांचे वडील, विज्ञानाचे पदवीधर आणि मुद्रणकलेचे इंग्लंडमध्ये शिक्षण घेतलेले जाणकार. चित्रे त्यांची स्वतःचीच. काळ्या आजाराने अंथरुणाला खिळले असतानाही ते या पुस्तकाच्या कामात गुंतलेले होते. १० सप्टेंबर १९२३ रोजी वयाच्या पस्तिसाव्या वर्षी ते गेले, आणि नऊ दिवसांनी पुस्तक बाहेर आले. मृत्यू उशाशी असलेल्या माणसाने मुलांसाठी हसू मागे ठेवले. या पुस्तकातील एका कवितेत प्राण्यांची नावे एकमेकांत मिसळतात आणि नावांबरोबर प्राणीही जोडले जातात. ‘हाँस’ म्हणजे बदक, ‘शजारू’ म्हणजे साळिंदर. दोघे मिळून ‘हाँसजारू’. चित्रात तो प्राणी खरोखरच उभा आहे, आणि आपण असे कसे याचा खेद त्याच्या चेहऱ्यावर नाही.

येथे आम्हांला एक निराळीच आठवण होते. १९१६ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी जातीचे मर्म सांगितले. आपल्यातच विवाह करावयाचा, बाहेर मिसळावयाचे नाही, या बंधनावर जात उभी आहे, असे त्यांनी मांडले. मिसळण्याची ही बंदी मोठ्यांच्या जगात रक्त सांडेपर्यंत पाळली जाते. सुकुमार रायांच्या पानावर मात्र बदक आणि साळिंदर बिनदिक्कत एक होतात, आणि त्यांचे कूळ विचारावयास कोणी येत नाही. कवीने हे मनात धरून लिहिले असे आमचे म्हणणे नाही. पण त्या चित्राला मनसोक्त हसलेल्या मुलाला शुद्धतेचा धाक पुढे थोडा कमी वाटेल, अशी आमची समजूत आहे.

आपल्या परंपरेतही हे हसू आहे. भरहुतच्या स्तूपाच्या कठड्यावर, इसवी सनापूर्वीच्या काळात, शिल्पकाराने माकडांची एक टोळी कोरली आहे. एका धिप्पाड पुरुषाचा दात म्हणा वा नाकातला केस म्हणा, उपटण्यासाठी त्या टोळीने चक्क हत्ती जुंपला आहे. जातककथांच्या गाभ्याशी गाथा, म्हणजे पद्यच आहे. त्यांतील दद्दभ जातकात बेलफळ पडल्याच्या आवाजाने ससा धरणी दुभंगली म्हणून पळतो आणि त्याच्यामागे सारे अरण्य पळते. सिंह कोणालाही शिक्षा करीत नाही, सशाची टवाळीही करीत नाही. तो त्याला पाठीवर बसवून त्याच जागी नेतो आणि पडलेले फळ दाखवतो. भीतीला हसावे, भिणाऱ्याला हसू नये, आणि प्रत्यक्ष जाऊन पाहावे: मुलांच्या विनोदाची याहून चांगली कसोटी आम्हांला ठाऊक नाही.

आज पालक मुलांसाठी शिष्यवृत्तीची मार्गदर्शके आणतात, स्पर्धा परीक्षांचे संच आणतात. त्यामागचे कष्ट आणि त्यामागची आस आम्ही ओळखतो. आमच्या आईवडिलांनीही पोटाला चिमटा घेऊनच आम्हांला येथे पाठवले होते. तरीही आमची एक नम्र विनंती आहे. या वर्षी भेटीस येताना प्रत्येक माजी विद्यार्थ्याने आणि ज्यांना शक्य असेल त्या पालकांनी सचित्र विनोदी कवितांचे एक तरी पुस्तक ग्रंथालयासाठी आणावे. आणण्यापूर्वी एकदा चाळून पाहावे, की यात हसू कोणाच्या वाट्याला आले आहे आणि कोणाच्या जिवावर. आणि शाळेच्या हस्तलिखितात एक पान असे राखावे, जेथे मुलांनी आपल्या मनाचा प्राणी काढावा, त्याला आपल्या मनाचे नाव द्यावे, त्याच्यावर चार ओळी रचाव्यात. त्या पानावर तांबड्या शाईने कोणी काही दुरुस्त करू नये.