गोडा मसाला आणि रिओहा

जबलपुरातील मराठी घरांचा स्वयंपाक हा मुळातच तडजोडीचा स्वयंपाक आहे. १७९८ साली पेशव्यांनी मंडला आणि नर्मदेचे खोरे नागपूरकर भोसल्यांच्या हवाली केल्यापासून १८१७ मध्ये इंग्रजांनी हा मुलूख ताब्यात घेईपर्यंत जे कारकून आणि शिलेदार येथे आले, आणि पुढे १९५६ मध्ये नागपूरचे उच्च न्यायालय येथे हलल्यावर त्याच्या मागोमाग जे वकील आले, त्यांनी गोड्या मसाल्याचा डबा काही सोडला नाही. परंतु त्या डब्याच्या शेजारी शिंगाड्याचे पीठ, पाटण-शहापुरा तहसिलींतला मटार आणि गोवऱ्यांवर भाजलेले गक्कड यांनाही यथावकाश जागा मिळाली. छावणीतील गोऱ्या अंमलदारांच्या मेजावर शेरी होती. ती सिव्हिल लाइन्स ओलांडून कोणा मराठी माजघरात आल्याचे मात्र ऐकिवात नाही. स्पेनची वाइन आमच्या पानाशेजारी आली ती अलीकडे, आणि तीही आडवाटेने.

कारण राजमार्ग महाग आहे. विदेशी वाइनवर वर्षानुवर्षे दीडशे टक्के सीमाशुल्क, त्यावर राज्याची आबकारी, एवढे सोपस्कार उरकून जी बाटली दुकानात पोहोचते तिची किंमत वाचूनच तहान शमते. परंतु परदेशाहून येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटर मद्य विनाजकात आणण्याची मुभा सरकारने ठेवली आहे, आणि माद्रिदला नोकरीस असलेला आमचा भाचा तिचा पुरेपूर लाभ घेऊन दर हिवाळ्यात मामीसाठी केशर आणि मामासाठी बाटल्या घेऊन येतो. गोलबाजारातील दत्तमंदिराचा गुरुवार वगळून त्या उघडायच्या, एवढाच आमच्या घरचा कायदा.

या बाटल्यांत माझ्या मनातून न उतरणारी एक म्हणजे अंदालुसियातील हेरेसची फिनो शेरी. पालोमिनो द्राक्षाच्या या वाइनमध्ये मद्यार्क मिसळून त्याचे प्रमाण पंधरा टक्क्यांच्या आसपास आणतात, आणि ओकच्या भल्यामोठ्या पिंपात ती काठोकाठ न भरता वर मुद्दाम मोकळी जागा राखतात, म्हणजे तेथे यीस्टचा एक पांढुरका पापुद्रा धरतो. तो हवेला वाइनपर्यंत पोहोचू देत नाही, आणि स्वतःच्या निर्वाहासाठी तिच्यातले ग्लिसरिनही खाऊन तिला विलक्षण कोरडी करून सोडतो. तळच्या ओळीतल्या पिंपांतून थोडी वाइन बाटल्यांसाठी काढावी, ती तूट वरच्या ओळीतून भरावी, तिची त्याहून वरच्या ओळीतून, आणि कोणतेही पीप कधी पुरते रिते होऊ देऊ नये, या सोलेरा पद्धतीचे वर्णन मी घरात मोठ्या अभिनिवेशाने केले. पण आजेसासूबाईंच्या विरजणाचा वंश आजतागायत अखंड चालवणाऱ्या माणसांना त्यात नवल वाटण्याजोगे काही दिसले नाही. आईने तो फिकट, गवती रंगाचा पेला नाकाशी नेला, आणि ‘‘अरे, हा तर भिजवलेल्या बदामांचा वास!’’ एवढे बोलून तो परत माझ्या हाती दिला. वाइनच्या पंडितांनी याहून अधिक नेमके काही लिहिले आहे असे मला वाटत नाही.

डिसेंबर-जानेवारीत जबलपूरच्या बाजारात मटाराच्या राशी लागतात. आले, हिरवी मिरची बेताने, खोबरे आणि कोथिंबीर घातलेली त्याची उसळ गोडसर असते, आणि हा हिरवा गोडवा बहुतेक तांबड्या वाइनना मानवत नाही. उसळीच्या घासावर घेतलेला थंडगार फिनोचा घोट मात्र तो गोडवा पुसून टाकत नाही, त्याच्या कडेने एक बारीक, खारट रेघ ओढतो, आणि पुढचा घास आधीच्याहून अधिक हिरवा लागतो. तळलेल्या अळूवडीशी आणि भाजलेल्या शेंगदाण्यांशीही तिचे असेच सख्य आहे.

भरल्या वांग्यांसाठी रिओहा. एकोणिसाव्या शतकात बोर्दोच्या व्यापाऱ्यांच्या संसर्गाने लहान पिंपांची रीत या प्रांताने उचलली. पण लाकूड पुष्कळदा अमेरिकन ओकचे वापरले, आणि त्या लाकडातून वाइनमध्ये व्हॅनिलाचा व चक्क खोबऱ्याचा गंध उतरतो. तांबड्या ‘क्रिआन्सा’ला बाजारात येण्यापूर्वी दोन वर्षे थांबावे लागते, पैकी किमान एक पिंपात, ‘रेसेर्वा’ला तीन. सुके खोबरे, तीळ, धणे आणि दगडफूल भाजून केलेल्या मसाल्याशी टेम्प्रानियो द्राक्षाची ही वाइन इतक्या सहजतेने बोलू लागते, की दोघांची जुनी ओळख असावी. एक अडचण आहे ती गुळाची: पदार्थातल्या गोडीपुढे कोरडी वाइन आंबट व कडवट भासते. गूळ कमी करण्याचा माझा प्रस्ताव गृहखात्याने विनाचर्चा फेटाळला आणि तो योग्यच केला. स्पेनच्या वाइनसाठी आमच्या वांग्यांनी का म्हणून बदलावे? आता मी रेसेर्वाऐवजी कोवळी, फळांचा गंध टिकवून असलेली रिओहा घेतो. टेम्प्रानियो नाशिक जिल्ह्यातही लागले असून तिथल्या चारोसा या वाइनरीने त्याची वाइन काढली आहे. तीही वांग्यांपुढे हिरमुसत नाही.

ठेच्यापुढे मात्र सगळ्यांनीच हात टेकावेत. मिरचीचा दाह मद्यार्काने वाढतो, तांबड्या वाइनचा तुरटपणा त्या दाहात खरखरीत होतो, आणि ज्या मोठ्या हॉटेलांत तिखटजाळ रश्श्याशेजारी भारी रेसेर्वा सुचवतात, तेथे ती पदार्थासाठी सुचवलेली नसते, बिलासाठी असते. तसाच तांबडी वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ द्यावी हा उपदेश: तो करणाऱ्याने मे महिन्यातली नेपिअर टाउनमधली खोली पाहिलेली नसावी. येथे रिओहादेखील अर्धा तास फ्रिजमध्ये घालावी लागते.

राहता राहिली पेद्रो हिमेनेस, उन्हात वाळवलेल्या द्राक्षांची, काकवीसारखी काळी आणि दाट. खोव्याची जिलबी हे या शहराचे भूषण असल्याने त्या दोघांची गाठ घालून देण्याचा आग्रह भाच्याने धरला. पण पाकावर पाक ओतून हाती काय लागणार? तिला आंबटपणाची संगत हवी. साखर अगदी बेताची घातलेल्या श्रीखंडावर तिचा एक चमचा सोडला, तर चक्क्याची आंबट धार तिच्या मनुकांच्या गोडीला आवर घालते, आणि मग वेलदोडा घालण्याचेही कारण उरत नाही.