मुठीतली ओल

माझ्या उजव्या हाताच्या बोटांना आता ओल कळत नाही. मधुमेहाने नसा गेल्या. खताची मूठ दाबली की बोटांच्या बेचक्यात थेंब दिसावा, पण गळू नये, या एका खुणेवर माझा सगळा कारभार चाले. चेन्नईतल्या आमच्या इमारतीत कुणाचं खत बिघडलं की मला बोलावणं येई, आणि मूठ उघडण्याआधीच मी निदान सांगत असे. त्याचा मला गर्व होता. अजूनही आहे.

आता खालच्या मजल्यावरची कॉलेजातली मुलगी मूठ दाबते. "पाट्टी, बरोबर आहे," म्हणते; पाट्टी म्हणजे आजी. मला पटत नाही. मी पुन्हा दाबायला लावते.

इथली ओल फसवी. मे महिन्यात गच्चीवरच्या कुंडीची कड वाळून खडखडीत होते आणि मधोमध भाताचा, चिंचेच्या चोथ्याचा चिकट गोळा तसाच राहतो. पाणी घातलं तर गोळा आंबतो, नाही घातलं तर कडेचं कुजणं थांबतं. ऑक्टोबर ते डिसेंबर तर वर्षातला निम्म्याहून जास्त पाऊस कोसळतो. तेव्हा ओल शोषायला सुका पाला हवा, पण रस्त्यावरचे करंज पान गाळतात फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला. डिसेंबर 2016 मध्ये वरदा चक्रीवादळाने शहरातली हजारो झाडं पाडली. गल्लोगल्ली पाल्याचे ढीग होते, पण हिरवे आणि चिंब. माझ्या कुंडीला त्यातला मूठभरही चालला नसता.

ओलीवर उपाय म्हणून लोक कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, ओततात. ते पाणी पिऊन बसतं, सोडत नाही, आणि स्वतः कुजायला फार वेळ घेतं. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांच्या अमृतमाती या खतमातीच्या पद्धतीतही भर पालापाचोळ्यावरच आहे. एका दिवसात खत देणाऱ्या विजेच्या यंत्रांविषयी तर मला चीडच आहे. त्यातून निघते ती वाळवलेली खरकट्याची भुकटी. पाणी लागलं की तिचा पुन्हा वास सुटतो. यंत्र असो की कुंडी, वासाला कंटाळून माणसं खत करणंच सोडतात आणि बादली परत कचरागाडीत रिकामी करतात. याच शहराने वर्षानुवर्षं आपला कचरा पेरुंगुडीला, पळ्ळिकरणैच्या पाणथळीत नेऊन टाकला. 2022 मध्ये ती पाणथळ आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत आली, तरी कचऱ्याचे डोंगर तिच्या कुशीत होतेच.

खालच्या मजल्यावरच्या त्या मुलीचा हात तयार व्हायला एक पावसाळा तरी जाईल. तुम्ही चेन्नईत असाल तर करंजाची पानगळ झाडूवाल्यांच्या आधी गाठा, उन्हात वाळवा, पोत्यांत भरा आणि पोती जमिनीला न टेकवता ठेवा. ऑक्टोबरात तोच कामी येतो.