मोजून लिहिलेलं शून्य

शाळेत शून्याला आम्ही भोपळा म्हणायचो. परीक्षेत भोपळा मिळाला की घरी बोलणी बसायची, एवढीच त्याची ओळख. त्याची खरी किंमत कळली ती वडिलांच्या घरखर्चाच्या वहीत. ज्या दिवशी एक पैसाही खर्च झाला नसेल, त्या तारखेपुढेही ते ठसठशीत शून्य काढत. जागा कोरी राहिली तर लिहायचं राहून गेलं असं वाटेल, म्हणत.

पुढे नाणेघाटात गेलो. तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात यज्ञांच्या दक्षिणा कोरल्या आहेत, हजारो गायी, कार्षापण नाणी. सोबतच्या जाणकाराने आकडे दाखवले. दहाला वेगळं चिन्ह, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं. शून्य कुठेच नाही. एवढी दानं मोजणाऱ्यांचं त्याच्यावाचून काही अडलं नव्हतं, कारण चिन्हातच किंमत होती. स्थानावरून किंमत ठरू लागली, तेव्हा रिकामं स्थानही दाखवणं भाग पडलं. ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरात इ.स. ८७६ च्या लेखात ते इवलंसं वाटोळं आहे, २७० हात लांब बागेच्या मापात आणि रोजच्या ५० हारांच्या संख्येत. देवाच्या फुलांच्या हिशेबात शून्य असावं, याचा मला फार आनंद वाटतो.

गणिती ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये शून्याचे नियम लिहिले. धनात तेवढंच ऋण मिळवलं की शून्य. शेवटची उसनवारी फेडून आले त्या संध्याकाळी वडिलांच्या खिशात काही नव्हतं, पण जेवताना ते किती दिवसांनी मोकळं बोलत होते!

नोकरीत माझ्याकडे पावसाची नोंदवही आली. रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापक पाहायचा, कोरड्या दिवशी ०.० लिहायचं. पाऊसच नाही तर लिहायचं काय, असं नवी मुलं विचारत. पण पावसाचा खंड किती दिवसांचा, हे दाखवायला शेतकऱ्याच्या हाती ही शून्यंच असतात. कोरी जागा त्याच्या बाजूने काहीच बोलत नाही. म्हणून आभाळ निरभ्र असलं तरी मी नरसाळं काढून बाटली उजेडात धरायचो, मगच पेन उघडायचो. खोलीत बसून लिहिलेलं शून्य मी कुणाचंही मान्य केलं नाही.