भाड्याच्या बाथरूमचे सांधे

टिटवाळ्यात राहतो म्हटलं की ऑफिसात दोन प्रश्न ठरलेले. "महागणपतीच्या देवळाजवळ का?" आणि "रोज एवढं अप-डाऊन कसं जमतं रे?" दुसऱ्याचं उत्तर कसाऱ्याच्या लोकलला विचारा. आजचा विषय बाथरूम!

आमच्या बिल्डिंगला बोअरिंगचं पाणी. टाइल्सवर क्षारांचे पांढरे थर बसतात. आधीच्या भाडेकरूंनी ते घालवायला सढळ हाताने ॲसिड मारलं असावं. टाइल्स चकाचक, पण मधला सांधा शेवटी सिमेंटचा, आणि ॲसिड सिमेंट खातं. नळाखाली तर नख आत जाईल एवढी फट. खालच्या काकूंच्या बाथरूमच्या छताला ओल. आंघोळ करताना डोक्यावर पोपडे पडतात म्हणाल्या, तेही अगदी संकोचून.

मालकांना फोन केला. "अहो, अकरा महिन्यांसाठी आलात, कशाला मनावर घेता?"

मग कायदा उघडला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम १४: मालक दुरुस्ती करत नसेल तर १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूने स्वतः करावी आणि खर्च भाड्यातून कापावा, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. मी खूश! पण लीव्ह अँड लायसन्सवाले आपण त्या अर्थाने भाडेकरूच नव्हे, नुसते परवानाधारक. आपल्याला करारात लिहिलेलं तेवढंच. आमच्या करारात किरकोळ दुरुस्ती माझ्याच गळ्यात. म्हणून आधी फोटो काढले, "स्वखर्चाने सांधे भरतोय" असा मेसेज मालकांना टाकला आणि "ओके" आल्यावरच दुकानात गेलो. डिपॉझिटचा प्रश्न आहे, राव.

दुकानदार इपॉक्सी घ्या म्हणत होता. डाग धरत नाही हे खरं, पण महाग, आणि रेझिन-हार्डनर एकत्र केलं की घड्याळाशी शर्यत. दुसऱ्याच्या घरात साधं सिमेंटचं ग्राउट पुरे.

खरं काम खरवडण्याचं. जुन्यावर नवं नुसतं थापलं तर महिन्याभरात पापुद्रे निघतात (जुन्या कोडवर पॅच मारणाऱ्यांना सांगायला नको). अख्खा शनिवार मी स्क्रेपर घेऊन उकिडवा. धूळ काढून सांधे ओलसर केले. ग्राउट टूथपेस्टइतकं घट्ट कालवलं, पाचेक मिनिटं ठेवून पुन्हा ढवळलं आणि रबरी पट्टीने तिरकं दाबून भरलं. स्पंजही तिरकाच फिरवायचा, सांध्याच्या रेषेत फिरवला की भरलेलं उपसून येतं. भिंत आणि फरशीच्या कोपऱ्यात मात्र ग्राउट नको, तिथे हालचाल होते. तिथे सिलिकॉन.

आणि सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी थोडं पाणी शिंपडत राहिलो. आंघोळ मित्राकडे!

एक खरं सांगायला हवं. ग्राउट म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे. फरशीखालचा थरच गेला असेल तर तोडफोडीला पर्याय नाही, आणि ते काम मालकांचं.

तीन आठवडे झाले. काकूंच्या छतावरचा डाग आहे तेवढाच आहे, कडा मात्र सुकल्यात. त्या म्हणाल्या, पावसाळा जाऊ दे, मग रंगाचं बघू.