श्वासाला जोड

कानाच्या दवाखान्यातली मुलगी म्हणाली, "काका, हेडफोनमधून जो शब्द येईल तो मोठ्यानं म्हणा." तिच्याकडे मराठी शब्दांची यादी होती. मीच हट्ट धरला, इंग्रजी लाव. चाळीस वर्षं इंग्रजी कविता मराठीत आणतोय. तो रुबाब त्या काचेच्या खुराड्यातही सुटेना. तिनं लावली. 'थिन', 'फिन', 'सिन' असे शब्द येत गेले आणि मी तिन्हींना 'टिन' म्हणालो. शब्द वेगवेगळे होते हे तिनं कागद दाखवल्यावर कळलं.

वय झालं की उंच पट्टीतले आवाज आधी जातात. स, फ, थ. स्वर मागे राहतात. घरी येऊन वाचलं, तर १९६५ सालापासून अशी एक चाचणी आहे: सहा-सहा शब्दांचे पन्नास गट, आणि गटातले शब्द एकेका व्यंजनानं वेगळे. तिच्या नावातच 'राइम' आहे, म्हणजे यमक. ज्या मालावर मी जन्म काढला, त्याच मालानं आता माझं बहिरेपण मोजतात.

अर्थाचं मला कधी भय वाटलं नाही, कोश आहेत. भय जोडीचं. इंग्रजीत 'ब्रेथ' म्हटलं की 'डेथ' दारात उभाच. श्वास आणि मृत्यू, भाषेनंच लावून दिलेलं लग्न. कवीला आयतं मिळतं. मराठीत दोघांची पत्रिका जुळत नाही. तसंच 'वूम' आणि 'टूम', गर्भाशय आणि थडगं. तिथं मी 'नाळ' आणि 'काळ' बसवले. त्याला अकरा दिवस लागले, आणि पुढची कित्येक वर्षं भेटेल त्याला मी ते ऐकवत होतो. हे ऐकवताना मूळ शब्द मात्र 'वॉम्ब' आणि 'टॉम्ब' असे म्हणायचो, 'बॉम्ब'च्या चालीवर. दोन्ही चुका एकाच मापाच्या, त्यामुळे यमक शाबूत! एका काव्यवाचनानंतर कॉलेजातल्या एका मुलीनं बाजूला घेऊन सांगितलं. तिचे आभार मानायला मला दोन वर्षं लागली.

माझं इंग्रजी कागदावरून आलेलं. 'लव्ह', 'मूव्ह', 'प्रूव्ह' ही मला डोळ्यांनी यमकं वाटायची. सोबतीला जॉन वॉकर होता म्हणा: नट होता, मग उच्चार शिकवायला लागला, आणि तरी १७७५च्या त्याच्या यमककोशात शब्द लावलेत ते शेवटच्या अक्षरांवरून. उलट कवी पोपनं १७१४मध्ये 'टी'ला 'ओबे' जोडलं ते कानानंच. तेव्हा चहाला 'टे' म्हणत. उच्चार बदलला, यमक तिथंच राहिलं, गाव उठून गेल्यावर वेशीवर मारुती राहावा तसं.

'लव्ह'ला इंग्रजीत सोयरे इनमीन चार-पाच. 'डव्ह' म्हणजे होला, 'ग्लव्ह' म्हणजे हातमोजा, 'अबव्ह' म्हणजे वर, 'शव्ह' म्हणजे धक्का. म्हणून तिकडच्या प्रेमकवितांत इतके होले उडतात. आपलं 'प्रेम'ही गरीबच: नेम, क्षेम, हेम, आणि अलीकडे फ्रेम.

हल्लीचे अनुवादक मात्र जोडी शोधतच नाहीत. निम्मे 'करतो-धरतो', 'येते-जाते' अशी क्रियापदांची शेपटं बांधून मोकळे होतात. उरलेले मुक्तछंदात घुसतात आणि वर सांगतात, आशय जपला. मिल्टननंही १६६८मध्ये 'पॅराडाइज लॉस्ट'ला टिपण जोडून यमकाला शिव्या घातल्या. पण त्याआधी त्यानं यमकात लिहून दाखवलं होतं. माधव जूलियनांनी खय्याम एकदा फारसीवरून आणला आणि पुन्हा फिट्झजेराल्डच्या इंग्रजीवरून. एवढा दम कुणात आहे? माझ्यातही नाही, हे छापून येणार म्हणून लिहितो.

'ब्रेथ-डेथ'ला मी 'श्वास-फास' केलं होतं. मूळ कवितेत म्हातारी अंथरुणावर शांतपणे जाते. माझ्या यमकानं तिच्या गळ्यात दोरी घातली. समीक्षकांनी त्याला 'धाडसी' म्हटलं, आणि मी गप्प राहून ते घेतलं.

दवाखान्यातून आलो त्या रात्री जेवताना हिला म्हटलं, ती कविता वाच, बघू किती ऐकू येतं. तिनं वाचली. "शेवटी काय म्हणालीस, घास?"

"अहो, फास. तुम्हीच लिहिलंय."

'फ' माझ्यापर्यंत पोचलाच नव्हता. नुसतं 'आस' आलं, आणि समोर ताट असल्यामुळे मी घास ऐकला. हातातला घास तसाच राहिला. काळाचा घास! म्हातारी अंथरुणावरच राहते, दोरी जाते, श्वासाला जोड मिळते. सव्वीस वर्षं तो शब्द ताटात पडून होता, आणि कान धड होता तोवर मला ऐकू आला नाही.

प्रकाशकाला फोन केला. तो हसला. अनुवादित कवितांची दुसरी आवृत्ती निघत नसते. माझ्या प्रतीत मी पेन्सिलीनं दुरुस्ती केली आहे. तुमच्यापैकी कुणाच्या कपाटात ते पुस्तक असेल, तर पान ४१ काढा, शेवटच्या ओळीतला 'फास' खोडा आणि वर 'घास' लिहा.