कॉफीच्या टेबलावरचं गणित

चि. चिमणीस,


तुझा मेल दोनदा वाचला. ‘आत्या, इथे मला कुणी वाईट वागवत नाही, पण कुणी काही सांगतही नाही,’ हे वाक्य डोक्यातून जाईना. त्याखालच्या वाक्याला मात्र हसले: ‘फॉर्मवर मी वुमन ऑफ कलर. पुण्यात मी नुसती सावळी होते.’ ‘गोरी, सडपातळ’च्या जाहिराती वाचत वाढलेल्या आपल्या घरातल्या बायकांना रंगाचं प्रकरण काही नवं नाही. तिकडे त्याचा हिशेब वेगळा आहे, इतकंच.

मेंटॉर म्हणजे नक्की कोण आणि तो भेटतो कुठे, असं तू विचारलंयस. मी जन्मभर गणित शिकवलं ते इथे, आपल्या भाषेत, आपल्या माणसांत. तेव्हा माझ्या अनुभवाचे डोस तुला देत नाही. तुझ्याच टेक्सासमधल्या एका बाईंची गोष्ट सांगते.

व्हिव्हियन मॅलोन-मेझ वेको गावच्या. १९६१मध्ये त्यांनी गावातल्याच बेलर विद्यापीठात पुढच्या शिक्षणासाठी अर्ज केला. तोवर त्या स्वतः कॉलेजात गणित शिकवत होत्या. कृष्णवर्णीय म्हणून अर्ज नाकारला गेला. ऑस्टिनच्या सरकारी विद्यापीठाला कोर्टाच्या निकालामुळे प्रवेश द्यावा लागत होता, म्हणून त्या तिकडे गेल्या. पहिल्या वर्गात बाई एकच आणि कृष्णवर्णीयही एकच, दोन्ही त्याच. तिथे आर. एल. मूर नावाचे प्राध्यापक होते. विद्यार्थ्यांना पुस्तक न देता, सिद्धता त्यांच्याकडूनच काढून घ्यायची त्यांची पद्धत आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांनी बाईंना आपल्या वर्गात घ्यायला नकार दिला. (गणिताच्या इमारतीला पुढे त्यांचंच नाव दिलं. ते काढलं २०२०मध्ये.) आपल्या कमला सोहोनींना १९३३मध्ये बंगळूरला रामन यांनी बाई म्हणून आधी प्रवेशच नाकारला होता, तो प्रसंग तुला ठाऊक आहे. थोर माणसांच्या थोरपणाला अशी ठिगळं असतात.

पण मूर यांचा नकार निदान उघड होता. तुला सांगायचंय ते कॉफीचं. गाईड आणि बाकीची मुलं विद्यापीठाजवळच्या एका कॉफीच्या दुकानात जमायची, गप्पांच्या ओघात गणित व्हायचं. त्या दुकानात कृष्णवर्णीयांना वाढत नसत. म्हणजे बाईंना वर्गात बसायची मुभा होती, पण वर्ग सुटल्यावर जो वर्ग भरायचा त्यात जागा नव्हती. कुठला प्रश्न हाती घ्यावा, कुठल्यात वर्षं फुकट जातील, कोणाकडे जागा निघणार आहे, हे सगळं अशा टेबलांवर ठरतं. आता दुकानात कुणी अडवत नाही. तरी ‘चल, येतेस का?’ म्हणणारं कुणी नसेल तर माणूस बाहेरच राहतो. तुझं दुखणं हेच आहे, असं मला वाटतं.

बाई टिकल्या कशा? त्या फिस्क विद्यापीठात गेल्या होत्या वैद्यकीय शिक्षणाच्या बेताने. तिथे त्यांना गणिताकडे ओढलं दोन शिक्षकांनी. एक एव्हलिन बॉइड, पुढे ग्रॅनव्हिल, १९४९च्या येलच्या पीएच.डी. दुसरे ली लॉर्च, गोरे. ‘माझ्यासारखं दिसणारं इथे कुणी नाही,’ असं तू लिहिलंस ना? मला विचारशील तर दोघंही लागतात. बॉइडबाई समोर फळ्याशी उभ्या होत्या म्हणून हे आपल्याला जमू शकतं हे मुलींना पटलं, त्यासाठी त्यांना वेगळं भाषण करावं लागलं नाही. लॉर्च यांनी दुसरं काम केलं. १९५१मध्ये नॅशव्हिलला गणिताच्या संघटनेची बैठक होती, आणि तिथल्या मेजवानीला कृष्णवर्णीयांना मज्जाव होता. लॉर्च यांनी आणि बॉइडबाईंसकट त्यांच्या सहकाऱ्यांनी संघटनेकडे लेखी मागणी केली, नियम बदला. लॉर्च यांना अशा वागण्यापायी फिस्कची नोकरीही गमवावी लागली. मुलींच्या वाटेत कुठे दगड आहेत ते त्यांनी आपल्या पायाने पाहून घेतलं होतं.

बॉइडबाई फिस्कला होत्या जेमतेम दोन वर्षं, १९५० ते ५२. तेवढ्यात व्हिव्हियन आणि एटा झुबर, पुढे फॅल्कनर, अशा दोन विद्यार्थिनी त्यांच्या हाताखालून गेल्या, आणि दोघींनी डॉक्टरेट केली. बॉइडबाई पुढे आयबीएमकडे जाऊन अवकाशयानांच्या कक्षांची गणितं करत बसल्या. कुणाचं आयुष्य घडवल्याचा गाजावाजा नाही. त्याआधीची कडी बघायची तर त्या वॉशिंग्टनच्या डनबर हायस्कूलच्या. वर्णभेदामुळे उत्तम शिकलेल्या कृष्णवर्णीयांना कॉलेजांत जागा मिळत नसे, म्हणून ते शाळेत शिकवत, आणि शाळेचं भाग्य उजळे. त्यांचे गणिताचे एक शिक्षक स्वतः येलमध्ये शिकलेले. या भाग्याचं कौतुक करताना माझी जीभ जरा अडखळते. शिक्षकांचा अपमान हाच मुलांचा लाभ होता.

फॅल्कनरबाई अटलांटाच्या स्पेलमन या मुलींच्या कॉलेजात १९६५मध्ये रुजू झाल्या. त्यांनी जे केलं ते मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. एका मुलीला हात देणं सोपं असतं, चार वर्षांनी ती निघून जाते. यांनी व्यवस्था उभी केली: १९८७मध्ये नासाच्या साहाय्याने विज्ञानातल्या मुलींसाठी कार्यक्रम. त्यांच्या सहकारी सिल्व्हिया बोझमन यांनी १९९८मध्ये ऱ्होंडा ह्यूज यांच्याबरोबर ‘एज’ नावाचा उन्हाळी कार्यक्रम सुरू केला, पीएच.डी.ला निघालेल्या मुलींना आधीच एकमेकींशी आणि मोठ्यांशी जोडून देणारा. तुझ्या राज्यात १ जानेवारी २०२४पासून सरकारी विद्यापीठांना विविधतेसाठीची कार्यालयं चालवायला कायद्याने मनाई आहे, ते तूच कळवलंस. भले लोक असतातच, कार्यालयं कशाला, असं कुणी म्हणालं तर व्हिव्हियनबाईंचं कॉफीचं टेबल त्याला सांग. भलेपणावर सोडलं की तो ज्याच्या त्याच्या मर्जीचा प्रश्न होतो.

तुझी रूममेट चित्रकार आहे, हे लिहिलंस तेव्हा एलिझाबेथ कॅटलेट आठवल्या. शिल्पकार. १९४१च्या सुमारास न्यू ऑर्लिन्सच्या डिलार्ड विद्यापीठात त्या कला शिकवत. शहरातल्या डेल्गाडो संग्रहालयात पिकासोचं प्रदर्शन आलं. संग्रहालय सिटी पार्कमध्ये, आणि पार्कमध्ये कृष्णवर्णीयांना पाऊल टाकायची बंदी. विद्यार्थ्यांना पिकासो दाखवायचा तर काय करायचं? कॅटलेटबाईंनी सोमवार ठरवला, संग्रहालय इतरांना बंद असतं तो दिवस, आणि बस थेट दाराशी नेऊन उभी केली. पार्कमधून कुणी एक पाऊलही चाललं नाही. बहुतेक मुलं त्याआधी एकदाही संग्रहालयात गेलेली नव्हती. मला ही युक्ती फार आवडते. नियम तर मोडला नाही, आणि मोडायचा तो मोडलाच! त्यांच्या तिथल्या विद्यार्थिनींत सॅमेला लुईस होत्या, ज्यांनी पुढे कलेच्या इतिहासात डॉक्टरेट केली आणि १९७६मध्ये लॉस एंजेलिसला कृष्णवर्णीय कलाकारांचं संग्रहालय सुरू केलं. रूममेटला हे जरूर सांग.

आणि एक सांगते, रागावू नकोस. ‘वुमन ऑफ कलर’ या एका छत्रीखाली तू आणि या सगळ्याजणी उभ्या असलात तरी भिजल्या त्या. आपले लोक तिकडे मोठ्या संख्येने गेले ते १९६५च्या स्थलांतर कायद्यानंतर, आणि तो कायदा नागरी हक्कांच्या त्याच चळवळीच्या लाटेत झाला. तेव्हा फॉर्म भरताना संकोचू नकोस, पण वर्गात एखादी कृष्णवर्णीय मुलगी दिसली तर ‘आपण दोघी सारख्याच’ असं तिला म्हणू नकोस. नुसतं शेजारी बस.

आता कामाचं. गाईडकडे जाऊन ‘मला मार्गदर्शन करा’ असं मोघम बोलू नकोस. त्यावर चांगली माणसंही मान हलवून गप्प बसतात. नेमकं माग. वसंतातल्या परिषदेत मला कुणाशी ओळख करून द्याल? या प्रश्नावर आणखी कोण काम करतंय? मी लिहिलेली सिद्धता शुक्रवारपर्यंत वाचाल? शब्द टाकायला तयार असलेला माणूस या प्रश्नांनी कळतो, आणि नसलेलाही. एकाच माणसात सगळं शोधू नकोस. शिफारसपत्र एक देईल, रडायला दुसरी लागेल, आणि टोपॉलॉजी तिसऱ्याच कुणाकडून शिकशील.

त्या वरच्या वर्गातल्या मेक्सिकन मुलीचं तू लिहिलंस, जी स्वतःहून तुला जुन्या परीक्षांचे पेपर देऊन गेली. तिचं नाव तू कळवलंच नाहीस. पुढच्या मेलमध्ये कळव. दिवाळीचं पार्सल सोमवारी टाकतेय, चकल्या दोन डबे आहेत, एक तिच्यासाठी.

तुझी,
आत्या